आठ काढायला नऊ महिने

ड्रायव्हिंग लायसन्ससाठी मी पाच वेळा ट्रॅकवर गेले आणि चार वेळा नापास होऊन परत आले. वय ५३. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर रात्री झोप येईना, तेव्हा "ड्रायव्हिंग टेस्ट दोनदा फेल" असं मोबाइलवर शोधत बसले होते. जे सापडलं ते सगळं एजंटांनी लिहिलेलं. म्हणून हे तारीखवार लिहून ठेवतेय.

जानेवारी २०२४ मध्ये यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्दही अडकायला लागले. घरी आल्यावर आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपी सुरू झाली. रिक्षाचे जाऊन-येऊन अडीचशे रुपये. पैशांपेक्षा यांना रिक्षात चढवणं जड जायचं. पाय उचलून आत ठेवायचा, कमरेला आधार द्यायचा, आणि तेवढ्यात मागून हॉर्न. फेब्रुवारीत एका रिक्षावाल्याने यांच्याकडे पाहिलं आणि "दुसरी बघा मॅडम" म्हणून निघून गेला. आमची गाडी खाली पार्किंगमध्येच उभी होती. तिच्या काचेवरच्या धुळीत कुणाच्या तरी पोराने बोटाने बदक काढलं होतं.

गाडी नेहमी हेच चालवायचे. माझा अनुभव म्हणजे शेजारी बसून "हळू घ्या हो" म्हणणं. मुलगा बेंगळुरूला असतो, तो म्हणाला, "आई, ड्रायव्हर ठेव." विचारलं, तर महिन्याचा आकडा ऐकून मीच फोन ठेवला.

लर्निंग

लर्निंग लायसन्सचा अर्ज आता परिवहन खात्याच्या 'सारथी' या संकेतस्थळावर आधार क्रमांक देऊन घरबसल्या करता येतो. चाळिशी ओलांडलेली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म १ए. ते आधी करून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडतो. फी दीडशे आणि परीक्षेचे पन्नास. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहावाच लागतो. मी तो लावून भाजी निवडत बसले आणि पहिल्याच खेपेला परीक्षेत आपटले. साठ टक्के उत्तरं बरोबर लागतात, आणि खुणांच्या चित्रांवर विचार करेपर्यंत वेळ संपतो. दोन दिवसांनी पुन्हा पन्नास रुपये भरले आणि पास झाले. हा निकाल चारांच्या हिशोबात धरलेला नाही, लाज राखायला.

७ मार्च २०२४ ला लर्निंग हातात आलं. मुदत सहा महिने, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत. पक्क्या लायसन्सची टेस्ट लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवसांनंतरच देता येते.

ड्रायव्हिंग स्कूलला सहा हजार भरले. एकवीस दिवस, रोज अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं आधीच्या मुलीला घरी सोडण्यात जायची. पण मला छान जमत होतं. एकविसाव्या दिवशी सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर तयार झालात." मला ते खरं वाटलं. शिकवणीच्या गाडीत सरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र पुढे कळला.

२२ एप्रिल, पहिली वेळ

स्लॉट सकाळचा होता, नंबर लागला पावणेएकला. तोपर्यंत उन्हात उभी होते. सोबत पाण्याची बाटली आणि टोपी न्या, सावली असेलच असं नाही. कागदांत अपॉइंटमेंटची पावती, लर्निंगची प्रत, आधार, आणि गाडीचं आरसी, विमा, पीयूसी.

आमच्या इथल्या ट्रॅकवर तीन गोष्टी करून दाखवाव्या लागतात. इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायची, लाल-पांढऱ्या खांबांमधून रिव्हर्स घ्यायची, आणि चढावर थांबवून, मागे न घसरता, पुन्हा पुढे न्यायची. मग बाहेरच्या रस्त्यावर एक फेरी.

गाडी स्कूलचीच होती, पण शेजारी सर नव्हते, निरीक्षक साहेब होते. मी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा सुरू झाली, आठच्या पहिल्या वळणापर्यंत गेली आणि तिथे आचका देऊन थांबली. साहेब काही रागावले वगैरे नाहीत. म्हणाले, "सात दिवसांनंतर पुन्हा अपॉइंटमेंट घ्या." सगळं मिळून चार मिनिटं.

घरी येताना मला एकच कोडं पडलं होतं. एकवीस दिवसांत जी गाडी माझ्या हातून कधी बंद पडली नाही, ती आजच का पडावी? रात्री भांडी घासताना एकदम लक्षात आलं. एकवीस दिवस क्लच सरांचा पाय सांभाळत होता. मी फक्त स्टिअरिंग धरून बसले होते.

तुम्ही शिकवणी लावली असेल तर पहिल्या आठवड्यानंतर सरांना स्पष्ट सांगा, की आता तुमचे पाय मांडी घालून वर घ्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण सहा हजार त्याचेच दिलेले असतात.

२१ मे, दुसरी वेळ

नियमाने सात दिवसांनंतर पुन्हा जाता आलं असतं, पण लोकसभेच्या निवडणुकीची गडबड होती, स्लॉटच दिसेना. शेवटी २१ मे मिळाला. टेस्टची फी दर वेळी नव्याने, तीनशे रुपये.

मधल्या काळात स्कूलला आणखी पाच तासांचे दीड हजार दिले. आठ निघाला! पण रिव्हर्सला मी आरसा सोडून मान पूर्ण मागे वळवली, आणि मान वळली की माझे हातही त्याच बाजूला वळतात, हे तेव्हा कळलं. खांब हलला. टक् असा बारीक आवाज झाला.

त्या दिवशी बाहेर चहाच्या टपरीपाशी एकाने गाठलं. "मॅडम, कशाला त्रास घेता, अडीच हजारात होऊन जाईल." मी तत्त्वाने नकार दिला असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी पर्समधले पैसे मनात मोजले होते. मग डोळ्यांसमोर फिजिओथेरपीच्या दवाखान्याचा उतार आला. दवाखाना तळघरात आहे, गाडी रॅम्पवरून खाली न्यावी लागते आणि येताना तोच चढ. शेजारी हे बसलेले असणार. तिथे ते कार्ड दाखवून काय होणार होतं? "नको," म्हटलं आणि बस पकडली.

घरी यांनी नजरेनेच विचारलं. मी मान हलवली. त्यांच्यासमोर वाटीत राजमा होता. एकेक दाणा उजव्या हाताने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा, हा त्यांचा घरचा अभ्यास. त्या दिवशी पाऊण तासात सहा दाणे गेले होते, बाकीचे जमिनीवर. आम्ही दोघांनी मिळून ते वेचले. मी काही बोलले नाही, तेही नाही. त्यांना तर बोलणंही अजून धड जमत नव्हतं.

१० जून, तिसरी वेळ

पाऊस पडून गेला होता. आठ निघाला, रिव्हर्स निघाला. चढावर गाडी थांबवली, ब्रेकवरून पाय काढला, आणि ॲक्सिलरेटरवर ठेवेपर्यंत गाडी मागे घसरली. फार नाही, दीड-दोन हात. मी घाबरून क्लच, ब्रेक सगळंच दाबलं. तिसऱ्यांदा नापास.

इथे एक नियम समजून घ्या, मला तो खिडकीवर कळला. सलग तीनदा नापास झालं की पुढची टेस्ट शेवटच्या तारखेपासून साठ दिवसांनीच. म्हणजे ऑगस्टचा दुसरा आठवडा. आणि माझं लर्निंग ६ सप्टेंबरला संपत होतं. पहिल्या तीन वेळा घाईघाईत उडवू नका, प्रत्येकीच्या मध्ये खरा सराव होऊ द्या. मला वाटलं होतं दर वेळी थोडं थोडं पुढे सरकत जाईन. तसं होत नाही, आणि नियमांचं कॅलेंडर आपल्यासाठी थांबत नाही.

जून महिना मी गाडीकडे पाहिलं नाही. मुलाला सांगितलं, "झालं माझं, रिक्षा बरी." तोही "बरं" म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला जरा रागच आला.

अण्णा

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कुंभार्ली घाटात भर पावसात लाल गाडी चालवलेला माणूस. जुलैत त्यांनी जिन्यात थांबवलं. "वहिनी, साहेबांच्या गाडीचे टायर बसायला लागलेत. उभी गाडी सडते." मी म्हटलं, "अण्णा, मला येत नाही चालवता." ते म्हणाले, "ते ठाऊक आहे. तीन वेळचं ऐकलंय." बिल्डिंगमध्ये काही लपत नाही.

बॅटरी उतरली होती, नवी टाकली, ४,८०० रुपये. पीयूसी संपलं होतं, ते काढलं. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'ची पट्टी लावली. लर्निंगवर चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला आणि वेळ आली तर गाडी थांबवू शकेल असा माणूस बसावा लागतो. यांच्याकडे लायसन्स होतं, पण हँडब्रेक येतो शेजाऱ्याच्या उजव्या हाताला, आणि यांचा उजवा हात मांडीवर पडलेला. म्हणून शेजारी अण्णा. हे गॅलरीत खुर्ची टाकून वरून बघायचे.

अण्णांनी पहिले तीन दिवस मला गेटबाहेर जाऊ दिलं नाही. सगळ्यात आधी सीट. माझी उंची पाच फूट. स्कूलच्या गाडीत मी पायाची बोटं ताणून क्लच दाबत होते, टाच हवेत. अण्णांनी सीट पुढे घेतली, पाठीमागे उशी दिली. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, एवढीच खूण. चपला काढून पातळ तळव्याचे बूट घालायला लावले. निम्मी लढाई तिथेच सुटली असावी, आणि चार महिन्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग नुसता क्लच. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. पहिला गिअर टाकायचा, क्लच सावकाश सोडत यायचा. एका जागी गाडी अंगात आल्यासारखी थरथरते, इंजिनाचा आवाज जाड होतो. तिथे पाय धरायचा. गाडी आपसूक वीतभर सरकते. पुन्हा दाबायचा. वीतभर पुढे, वीतभर मागे, तीन संध्याकाळी. पार्किंगमधली पोरं हसायची. दुसऱ्या दिवशी त्यांतला एक मोजायला बसला, "काकू, एकतीस वेळा बंद!" तिसऱ्या दिवशी चार वेळा.

चढासाठी आमचा पार्किंगचा रॅम्प. मागच्या चाकाशी अण्णा आधी वीट लावायचे. पद्धत अशी: हँडब्रेक ओढायचा. पहिला गिअर. थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच थरथरेपर्यंत सोडायचा. बॉनेटचं नाक किंचित वर उठतं. ते उठलं की मगच हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जाऊच शकत नाही. टेस्टला हँडब्रेक वापरला तर चालेल का, हे साहेबांना आधी विचारून घ्या. मी पुढे विचारलं, ते म्हणाले, "चालेल की, त्यासाठीच दिलाय." तिसऱ्या वेळी मी हँडब्रेक न वापरता मोठ्या धाडसाने पाय नाचवत होते, कारण वापरला तर कमीपणा वाटेल असं मला वाटलं होतं.

याच सरावात पार्किंगच्या खांबाला डावा दरवाजा घासला. ३,२०० रुपये. यांच्या लाडक्या गाडीला ओरखडा! वर पाहिलं तर हे गॅलरीत हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्याने, तोंड वाकडं होऊन.

हरतालिका

२० ऑगस्टचा स्लॉट मिळाला होता. या वेळी खरोखर तयारी होती. १९ च्या रात्री हे बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण डोक्याला मार, दोन दिवस निरीक्षणाखाली. स्लॉट गेला. पुढचा मिळतोय का बघत राहिले. ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या दिवशी, माझं लर्निंग संपलं. बायका वाळूच्या पिंडीची पूजा करत होत्या आणि मी मोबाइलवर तारीख बघत होते.

सगळ्यात जास्त रडले ती याच वेळी, नापास झाले तेव्हा नाही. नापास होण्यात निदान आपली काहीतरी चूक असते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, नवीन लर्निंग काढलं. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा व्हिडिओ. या वेळी भाजी बाजूला ठेवली. आणि पुन्हा तीस दिवस. मधल्या काळात अण्णांनी रस्त्यावर नेलं. सकाळी साडेपाचला, दूधवाले आणि फिरायला निघालेली मंडळी एवढीच वर्दळ असताना. मग सात वाजता. मग बाजाराच्या दिवशी, मुद्दाम.

२२ ऑक्टोबर, चौथी वेळ

स्वतःची गाडी नेली, शेजारी अण्णा. हे जमण्यासारखं असेल तर नक्की करा. क्लच कुठे धरतो हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं.

आठ, रिव्हर्स, चढ, सगळं निघालं. मला वाटलं सुटले. बाहेरच्या रस्त्यावर निघताना मी इंडिकेटर दिला नाही आणि उजवा आरसाही पाहिला नाही. एक दुचाकीवाला करकचून ब्रेक दाबून माझ्या आरशापासून हातभर अंतरावर थांबला. साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. "ट्रॅक पाठ झालाय तुमचा. रस्ता नाही."

आधीच्या तीन निकालांवर मी मनातल्या मनात बरंच भांडले होते. या निकालावर एक अक्षर बोलले नाही. पास केलं असतं तर पुढचा दुचाकीवाला कदाचित वाचला नसता. त्या पोराचा पांढराफटक चेहरा अजून आठवतो.

त्यानंतर अण्णांनी एक खोड लावली. गाडी जागची हलायच्या आधी मोठ्याने बोलायचं: "आरसा, आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर." सुरुवातीला वेड्यासारखं वाटायचं. आता रिक्षातून उतरतानाही मी पुटपुटते.

२ डिसेंबर, पाचवी वेळ

दिवाळी आणि मग विधानसभेची निवडणूक, यात नोव्हेंबर गेला. २ डिसेंबर, सोमवार, साडेदहा. हात थरथरत होते, ते थांबले नाहीत. थरथरत्या हातांनीच केलं सगळं. "आरसा, आरसा" मोठ्याने म्हटलं तेव्हा साहेबांनी वळून पाहिलं. फेरी संपल्यावर कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पुढची गाडी." मला कळेना. मी तशीच बसून राहिले. अण्णा मागून म्हणाले, "वहिनी, उतरा आता, झाला तुम्ही पास."

संध्याकाळपर्यंत मोबाइलवर संदेश आला. कार्ड तीन आठवड्यांनी स्पीड पोस्टाने आलं. ते येईपर्यंत डिजिलॉकरवरचं लायसन्स चालतं, कागद घेऊन धावपळ करायची गरज नाही. पत्ता अर्जात नीट तपासा, कार्ड परत गेलं तर पुन्हा फेऱ्या. पन्नाशी ओलांडलेल्यांना पूर्ण मुदतीचं मिळत नाही. पन्नास ते पंचावन्नच्या मध्ये काढलं तर वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत. माझं २०३१ पर्यंत आहे.

पैशांचा हिशोब विचारलात तर शिकवणी साडेसात हजार, सरकारी फी सगळ्या खेपा मिळून अडीच हजारांच्या आत, बॅटरी आणि दरवाजा मिळून आठ हजार. पेट्रोल मोजलं नाही. अण्णांनी काही घेतलं नाही, म्हणून दिवाळीला त्यांना शाल दिली. ती ते पार्किंगमध्ये गाडी पुसायला बसतात तेव्हा खांद्यावर टाकतात, काय बोलणार.

यांना पहिल्यांदा स्वतः फिजिओथेरपीला नेलं ते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. चौकात सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता गजर. मी घाईने किल्ली फिरवायला गेले तेव्हा हे म्हणाले, "गि...अर." गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती. पहिला टाकला, निघालो.

तळघराच्या रॅम्पवरून खाली गेलो. येताना तोच चढ, आणि मधोमध पुढची गाडी थांबलेली. मी ब्रेक घट्ट दाबून धरला. हँडब्रेककडे हात नेला, तर तिथे आधीच यांचा उजवा हात येऊन पोचला होता. बोटं नीट वळत नव्हती. एकदा सटकली. दुसऱ्यांदा दांडी अर्धी वर आली आणि खाली गेली. मी पाय ब्रेकवरून हलवला नाही. मागे कुणीतरी हॉर्न दिला.

तिसऱ्या खेपेला कट्-कट्-कट् असा आवाज आला.